कटकाका

आमच्या सोसायटीत गाडी मागे घेताना आरशात बघायची पद्धत नाही. मागे कटकाका असतात. "येऊ दे... येऊ दे... डावा मार... येऊ दे," असं म्हणत ते स्वतःही मागे मागे सरकत जातात. बंपर आणि खांब यांच्यात वीतभर जागा उरली की उजवा हात खाडकन खाली आणून ओरडतात, "कट!" गाडीवाला सुटलो म्हणून इंजिन बंद करतो. काका खिडकीशी येतात आणि प्रेमाने म्हणतात, "छान झालं. आता एक सेफ्टी घेऊ." म्हणजे गाडी पुन्हा बाहेर काढायची आणि पुन्हा तशीच आत आणायची, कारण पहिल्या टेकची फिल्म लॅबमध्ये खराब झाली तर काय घ्या? नवीन भाडेकरू एकदा ऐकतात. जुने लोक गाडी गल्लीतच लावतात.

ही जमात पुण्याच्या वारज्यात बरीच आहे. माळवाडीत आहे, पॉप्युलरनगरात आहे, आणि गणपती माथ्याकडे एका इमारतीत तर दोघे आहेत. एका सेटवर दोन दिग्दर्शक चालत नाहीत, त्यामुळे त्या दोघांचं बोलणं बंद आहे. वय सत्तरीच्या आसपास, निवृत्ती कुठल्या तरी कारखान्याच्या स्टोअर्समधून, पेन्शन बेताची, गुडघे त्याहून बेताचे, आणि तरुणपणी पाहिलेल्या मारधाडपटांचा साठा मात्र अजून शिलकीत. आमच्या वाट्याला आलेला नमुना म्हणजे कटकाका. त्यांचं खरं आडनाव पोस्टमनला ठाऊक असावं.

साध्या सिनेवेड्याला नट आठवतात. काकांना नट आठवतच नाहीत. 'द मॅग्निफिसंट सेव्हन'मध्ये कोण होतं, असं विचारलं की ते ठामपणे सांगतात, "जॉन स्टर्जेस." तो तर पडद्यावर कुठेच दिसत नाही, असं कुणी म्हटलं की म्हणतात, "तेच तर!" यामागे त्यांचा सिद्धांत आहे. घोड्यावर बसणारा पगारी, घोड्यावरून पडणारा रोजंदारीवरचा. पण कुठे पडायचं, कधी पडायचं आणि पडल्यावर धूळ कॅमेऱ्याच्या कुठल्या बाजूला उडायची, हे ठरवणारा एकटाच असतो. त्याचं नाव पाटीवर शेवटी येतं, तेव्हा लोक खुर्च्यांखाली चपला शोधत असतात.

स्टर्जेसची कारकीर्द त्यांना स्टोअर्सच्या रजिस्टरातल्या नोंदींसारखी पाठ आहे. १९५७ 'गनफाइट अॅट द ओके कोरल', १९६० 'मॅग्निफिसंट सेव्हन', १९६३ 'द ग्रेट एस्केप'. शेवटच्यात मोटारसायकल तारेच्या कुंपणावरून उडते ती प्रसिद्ध उडी स्टीव्ह मॅक्वीनने मारलेली नाही, बड एकिन्स नावाच्या त्याच्या मित्राने मारली, ही बातमी काका घरपोच जेवण घेऊन येणाऱ्या मुलांना आवर्जून देतात, कारण ती मुलंही मोटारसायकलवर असतात आणि घाईत असतात. एकाने विचारलं, "काका, ओटीपी?" काका म्हणाले, "त्या वेळी नव्हता."

हे सगळं शिक्षण त्यांनी अलका, राहुल आणि कॅम्पातलं वेस्ट एंड या तीन विद्यापीठांतून घेतलं. इंग्रजी फारसं कळत नसे. पण त्याने काही बिघडलं नाही, उलट फायदाच झाला, असं त्यांचं म्हणणं. सर्जिओ लिओनेलासुद्धा इंग्रजी धड येत नव्हतं. इटलीचा माणूस, अमेरिकेतली गोष्ट, शूटिंग स्पेनमध्ये, कथा जपानची: कुरोसावाच्या 'योजिंबो'वरून उचललेली, त्यावरून पुढे भांडणही झालं. आणि १९६४ च्या त्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'वर नाव काय लावलं, तर बॉब रॉबर्टसन! प्रेक्षकांना अमेरिकन वाटावा म्हणून. ही हकीकत कळल्यापासून सोसायटीच्या नोटिशींखाली काका 'बॉब वारजेकर' अशी सही करतात. पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस बॉब वारजेकर यांनी काढली, तेव्हा बी विंगमधल्या एका आजींना वाटलं, नगरसेवक बदलले.

काकांची एक ठसठस आहे, आणि ती खरीच आहे असं मलाही वाटतं. जॉन फोर्डला दिग्दर्शनाची चार ऑस्कर मिळाली. हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. आयुष्यभर ज्याने वेस्टर्न काढले, १९३९ च्या 'स्टेजकोच'पासून ज्याने त्या प्रकाराला अंगरखा शिवला, त्याला एकही ऑस्कर वेस्टर्नसाठी नाही! एक आयरिश बंडखोरीवरच्या चित्रपटाला, एक दुष्काळातल्या शेतकऱ्यांवरच्या, एक कोळसा खाणीच्या गावावरच्या आणि एक आयर्लंडमधल्या प्रेमकथेला. "म्हणजे," काका म्हणतात, "घोडा खाली उतरवल्याशिवाय बक्षीस नाही." त्या 'स्टेजकोच'मध्ये याकिमा कनट नावाचा गडी पळत्या घोड्यांच्या मधून जमिनीवर घसरतो आणि अख्खी बग्गी त्याच्या अंगावरून निघून जाते. काका हे सांगताना दोन्ही हात डोक्यावर ताणून भिंतीला टेकतात. लिफ्ट तोवर निघून गेलेली असते.

त्यांच्या मते पुण्यातलं एकमेव वेस्टर्न गाव वारजे. पश्चिमेला आहे म्हणून नाही (ते नैऋत्येला आहे, हे काकूंनी नकाशासकट दाखवून दिलेलं आहे), तर नेपथ्यामुळे. वेस्टर्न गावाला एक मोठा रस्ता लागतो, ज्यावरून माणसं तिसरीकडेच जायला निघालेली असतात. मुंबई-बंगळूर महामार्ग आहे. खिंड लागते. डुक्कर खिंड आहे, आणि हे नाव लिओनेनेही बदललं नसतं. नदी लागते. मुठा आहे, आणि धरणातून सोडलं की तिच्यात पाणीही असतं. दबा धरून बसायला झाडी लागते. टेकडीवर लोकांनी लावून वाढवलेलं जंगल आहे. धूळ तर बाहेरून मागवावीच लागत नाही. "वेस्टर्नमध्ये काय होतं?" काका विचारतात आणि स्वतःच सांगतात. "रेल्वे येते, जमिनीला भाव येतो आणि जुना माणूस बरबाद होतो. आपल्याकडे बायपास आला, मग महापालिका आली, जमिनीला भाव आला, आणि जुन्या माणसाने फॉर्च्युनर घेतली. आपला शेवट त्यांच्यापेक्षा चांगला झाला."

शिवाय रामनगर. 'शोले'चं रामगढ उभं केलं ते बंगळूरच्या पलीकडे, रामनगरमच्या खडकांत. "वारज्याच्या पुलाखालून हायवेला लागायचं आणि सरळ जायचं. बंगळूर गेलं की पुढे गब्बर. आणि इथे आपल्याकडे रामनगर आहेच, पहिल्यापासून!" यातून नेमकं काय सिद्ध होतं हे त्यांना कुणी विचारत नाही, कारण विचारलं की ते रेल्वेच्या दरोड्यावर येतात. तो प्रसंग पनवेलजवळ मुंबई-पुणे मार्गावर चित्रित झाला, परदेशातून स्टंटची माणसं आली, कामाला आठवडेच्या आठवडे लागले. आणि ही हकीकत सांगायलाही काकांना जवळजवळ तितकाच वेळ लागतो.

मराठीतल्या वेस्टर्नचं काय, हा प्रश्न मी एकदा सहज विचारला. काका गंभीर झाले. 'धडाकेबाज', १९९०, महेश कोठारे, मराठीतला पहिला सिनेमास्कोप. दरोडेखोर आहे, दहशतीखालचं गाव आहे, मारामारी आहे; बाटलीतला गंगाराम जास्तीचा, पण मराठी माणसाला फुकट काहीतरी लागतंच. मुळात कोठारे वकिली शिकलेला माणूस. लहानपणी 'छोटा जवान'मध्ये काम केलं, मोठेपणी काळा कोट चढवला, आणि तो उतरवून इन्स्पेक्टरची वर्दी घातली. "वकिलाला ठाऊक असतं," काका म्हणाले, "खटल्याला वीस वर्षं लागतात, ठोसा एका सेकंदात लागतो." पण काकांचा या चित्रपटाशी खरा संबंध घरगुती आहे. त्यातल्या खलनायकाचं नाव कवट्या महांकाळ, आणि काकांची सासुरवाडी सांगलीकडे, कवठे महांकाळ तालुक्यात. चित्रपट पाहून आल्यावर त्यांनी आनंदाने मेव्हण्यांना पत्र लिहिलं की तुमच्या गावाचं नाव सिनेमास्कोप झालं. मेव्हणे पुढे दोन दिवाळ्या आले नाहीत. काकूंना विचारलं, तर त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "माहेरचं नाव निघालं, एवढं पुरे. कवटी काय, सगळ्यांनाच असते."

हे सगळं झालं तरी काकांचं दैवत वेगळं आहे, आणि ते परदेशातलं नाही. ते दादरचं आहे.

भगवान आबाजी पालव म्हटलं तर सोसायटीत कुणाला कळत नाही. भगवानदादा म्हटलं की सगळे कमरेवर हात ठेवून दोन पावलं नाचून दाखवतात. काकांना नेमका याचाच राग आहे. "नाच म्हणून ओळखता तुम्ही! अरे, तो फायटिंगचा डायरेक्टर!" मग आरती झाल्यावर, प्रसाद वाटून होईपर्यंत, बाकावर बसून कथा लागते.

जन्म १९१३, अमरावती. वडील गिरणीत. पोराला नाद कुस्तीचा. मूकपटांच्या शेवटच्या दिवसांत पडद्यावर शिरला, आणि १९३८ साली चंद्रराव कदमांच्या जोडीने 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला. मग स्टंटपटांची रांग. पैसा थोडा, दिवस थोडे, आणि प्रेक्षक गिरणगावातला, म्हणजे पाळी संपवून आलेला, कानात साच्यांचा खडखडाट घेऊन बसलेला. त्याला संवाद ऐकू गेले नाहीत तरी चालत होतं, ठोसा दिसला पाहिजे. वाडियांच्या घरची नादिया तेव्हा चाबूक घेऊन आगगाडीच्या टपावर धावत होती. तिच्या घोड्याला पडद्यावर नाव असे, 'पंजाब का बेटा'. दादांकडे असला थाट नव्हता. स्वतःच दिग्दर्शक, स्वतःच नायक, आणि गच्चीवरून उडी मारायची तर स्वतःच मारायची. डमी परवडत नव्हता. डग्लस फेअरबँक्स हा त्यांचा आदर्श. मधेच १९४१ साली 'वनमोहिनी' नावाचा तमिळ जंगलपटही केला. "भाषा येत होती?" मी विचारलं. काकांनी माझ्याकडे बॉब रॉबर्टसनच्या नजरेने पाहिलं.

या कथेत एक जागा येते, तिथे काका आवाज खाली आणतात. १९४२. एका शूटिंगमध्ये दादांनी ललिता पवारांना थोबाडीत मारायची होती. मारली, ती खरीच लागली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कारकीर्द तिथे संपली. त्यानंतर बाईंनी सासवा उभ्या केल्या आणि त्या अर्ध्या मिटल्या डोळ्याने कितीतरी सुनांना पडद्यावर रडवलं. काका हा प्रसंग कधीच विनोदाने सांगत नाहीत. दैवत असलं तरी सूट नाही. "थप्पड गालावर मारायचीच नसते. कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे ठेवायचा. हात नाकाच्या चार बोटं पुढून न्यायचा. खाणाऱ्याने मान फिरवायची, वेळेवर. आवाज नंतर घालायचा. मारामारीत लागलं, म्हणजे डायरेक्टर नापास."

आणि मग १९५१, 'अलबेला'. राज कपूरने सांगितलं म्हणे, स्टंट पुरे, सामाजिक काढ. सोबत गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचं. धो धो चालला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आला, दारात सात गाड्या, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक. पुढे 'झमेला' आला, 'लाबेला' आला. नावं यमकात राहिली, नशीब राहिलं नाही. गाड्या गेल्या, बंगला गेला, आणि दादा दादरच्या चाळीत परत आले. कॅमेऱ्यासमोर मिळेल ते काम करत राहिले, बरंचसं नाचाचं, गर्दीतलं. गणपतीची मिरवणूक मात्र चाळीपाशी थांबायची. दादा खाली उतरून दोन पावलं टाकत, मग गणपती पुढे जाई. २००२ च्या फेब्रुवारीत गेले. २०१६ मध्ये त्यांच्यावर 'एक अलबेला' निघाला, तेव्हा काका तिकीट काढून गेले आणि मध्यंतरात बाहेर आले. त्यात स्टंटपटांचा काळ लवकर संपला, अशी तक्रार होती.

"चूक एकच झाली," काका निकाल देतात. "फायटिंग सोडली."

इथे माझा आणि त्यांचा मतभेद आहे. मला वाटतं दादांनी फायटिंग सोडलीच नव्हती. तो नाच नीट पाहा: पाऊल वीतभर, गुडघा जरासा मोडलेला, हात मोकळे, अंग कायम सावरलेलं. पडायचं कसं हे ज्याला ठाऊक आहे त्याची ती चाल आहे. नंतरच्या मोठमोठ्या नटांनी ती उचलली, पण त्यांना पडायचं नव्हतं, म्हणून ती नुसती नक्कल झाली. हे मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही सेक्रेटरी आहात. पार्किंगचं बघा."

आता चांदणी चौक. २ ऑक्टोबर २०२२ ची मध्यरात्र, एकच्या सुमारास तिथला जुना पूल स्फोटाने पाडायचा होता. रस्ते आदल्या रात्रीच बंद झाले. सहाशे किलो स्फोटकं, पुलाला भोकंच भोकं, सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे लागलेले. वारज्यातली निम्मी वस्ती जागी होती आणि उरलेल्या निम्मीला कटकाकांनी शिट्टी वाजवून जागं केलं. स्वतः डोक्याला माकडटोपी, गळ्यात शिट्टी, गच्चीवर चांदणी चौकाच्या दिशेला तोंड करून उभे. जिन्यात कुणीतरी टीव्हीचा आवाज मोठा केला होता. आकडे उलटे मोजले जाऊ लागले, आणि काकांनी वरून जी 'अॅक्शन!' दिली, ती कोथरूडपर्यंत गेली असावी. धुरळा उठला. खाली बसला. आणि पूल?

पूल अर्धाअधिक जागेवरच. काँक्रीट फुटलं होतं, पण आतल्या सळ्यांनी धरून ठेवलं होतं. उरलेलं काम पोकलेनने हिसके देऊन केलं. सगळी सोसायटी हळहळत झोपायला निघाली. काका मात्र जिन्याच्या तोंडाशी वाट अडवून उभे. आयुष्यात अशी संधी एकदाच येते.

"लिओनेचंही असंच झालं होतं!" 'द गुड, द बॅड अँड द अग्ली', १९६६. स्पेनमध्ये, बुर्गोस शहराच्या बाजूला, नदीवर पूल बांधला तो स्पॅनिश लष्कराने. त्याच लष्कराने उडवायचा. बटण दाबायचा मान एका कप्तानाला दिला. कॅमेरे अजून सुरूही झाले नव्हते, तेवढ्यात एकजण दुसऱ्याला 'चल' म्हणाला, कप्तानाला वाटलं आपल्यालाच, आणि त्याने बटण दाबलं. पूल आकाशात, फिल्म डब्यात. मग कप्तानाला इतकं वाईट वाटलं की लष्कराने पूल पुन्हा बांधून दिला, पुन्हा उडवला, आणि आपण पाहतो तो दुसरा. "त्यांचा पूल दोनदा पडला, आपला एकदा, तोही अर्धा." पायरीवर पेंगणाऱ्या कुणीतरी विचारलं, मग काय करायला हवं होतं? काका म्हणाले, "सेफ्टी."

त्या रात्रीनंतर काकांना स्वस्थ बसवेना. पुढच्या गणेशोत्सवात मुलांचं नाटक बसवायचं त्यांनी स्वतःकडे घेतलं. दर वर्षी श्रावणबाळ असे. श्रावणबाळाची कावड प्लास्टिकच्या बादल्यांची असे. यंदा 'वारज्याचे सात'. हिशेब त्यांनी कमिटीला समजावला: कुरोसावाने १९५४ ला सात सामुराई घेतले, स्टर्जेसने त्यावरून सात बंदूकवाले घेतले, रमेश सिप्पींनी 'शोले'त महागाईमुळे दोघांत भागवलं. आपण परत सातावर जाऊ. मुलं मात्र निघाली अकरा, आणि प्रत्येकाची आई कमिटीत. तेव्हा सात गावाचे रक्षक आणि चार दरोडेखोर, असं ठरलं.

ते टिकलं नाही, आणि त्याला काकाच कारणीभूत. त्यांनी आधी पडायला शिकवलं. पार्किंगमध्ये घराघरांतल्या गाद्या अंथरल्या. आधी गुडघा, मग कुल्ला, मग खांदा, हनुवटी छातीला, हात कधीही मागे टेकायचा नाही, मनगट जातं. गोळी लागली की लगेच पडायचं नाही, आधी आश्चर्य वाटायचं. हे आश्चर्याचं प्रकरण ते स्वतः करून दाखवत, गुडघ्यांमुळे तिथेच थांबत, आणि बाकीचं मुलांवर सोपवत. मुलं खूश. सोसायटीभर पोरं पडू लागली. एक पाहुण्यांसमोर उंबऱ्यात पडला, एक गणिताच्या तासाला पडला, आधी आश्चर्य वाटून. मग मुलांच्या ध्यानात आलं की रक्षक मरत नाहीत, दरोडेखोर मरतात. एकेक रक्षक पक्ष सोडू लागला. रंगीत तालमीला दरोडेखोर दहा झाले होते आणि गाव वाचवायला ए विंगमधली दुसरीतली मुलगी एकटी उरली होती. काका डगमगले नाहीत. नाटकाचं नाव तेच ठेवलं.

पूल हवाच होता. फ्रिजच्या खोक्यांचा पुठ्ठ्याचा पूल झाला. फटाक्याला कमिटीने नकार दिला, म्हणून स्फोट असा ठरला: मागून दोरी ओढायची, ढोलपथकातल्या मुलाने टिपरू हाणायचं आणि दोन बाजूंनी टाल्कम पावडर उडवायची. पावडर काकूंच्या डब्यातली, गुलाबाच्या वासाची. इशारा काय? काकांनी रुमाल खाली सोडायचा.

कार्यक्रमाची सुरुवात अध्यक्षांच्या भाषणाने. अध्यक्ष त्या पुठ्ठ्याच्या पुलासमोरच उभे राहिले, मेंटेनन्सच्या थकबाकीवर आले, घाम पुसायला त्यांनी खिशातून रुमाल काढला, आणि तो हातातून निसटला. ढोल वाजला. पूल अध्यक्षांच्या पाठीवर आला. दोन्ही बाजूंनी पावडर आली. दहा दरोडेखोर विंगेतून धावत येऊन, आश्चर्य वाटून, पडले. पांढऱ्या धुक्यातून अध्यक्षांचा आवाज येत होता: "...तरी सभासदांनी सहकार्य करावं." प्रेक्षकांनी जी टाळी दिली, ती श्रावणबाळाला इतक्या वर्षांत मिळाली नव्हती.

मी काकांकडे धावलो. मला वाटलं, खचले असतील. काका खुर्चीवर उभे होते आणि चेहऱ्यावर तेज होतं. "बुर्गोस!" ते म्हणाले. "तंतोतंत बुर्गोस!" लष्कर नव्हतं, पण ढोलपथक होतं. त्यांनी चिकटपट्टीने पूल पुन्हा जोडला, जरा जास्तच. नाटक झालं. त्या दुसरीतल्या मुलीने दहाजणांना लोळवलं. शेवटी काकांनी रुमाल सोडला, ढोल वाजला, दोरी ओढली, आणि पूल अर्धा पडून अर्धा लोंबकळत राहिला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "पोकलेन बोलवा!" काकूंनी व्यासपीठावर जाऊन उरलेला पूल एका हाताने ओढून पाडला, पावडरचा रिकामा डबा उचलला आणि परत आपल्या जागेवर येऊन बसल्या. माझ्या मते त्या संध्याकाळचं सर्वांत चोख दिग्दर्शन तेच होतं, पण हे काकांना सांगायची सोय नाही.

आता पुढच्या वर्षी काकांना घोडा हवा आहे. कमिटीने विरोध नोंदवला आहे. काकांनी विरोधाची प्रत मागवून तिच्यावर 'बॉब' अशी सही केली आहे. घोडा पाडायचा नाही, हे त्यांनी आधीच जाहीर केलंय. जुन्या वेस्टर्नमध्ये पायात तार अडकवून घोडे पाडायचे, ते त्यांना कधीच पटलं नव्हतं. फक्त गेटमधून एक एन्ट्री घ्यायची, मीटर-रूमपर्यंत. त्यासाठी वरातीच्या घोडीवाल्याला त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर.

"घोडी पाहिजे होती."

"तारीख सांगा. कार्यालय कुठलं?"

"कार्यालय नाही. पार्किंग आहे."

"चालतंय. नवरदेव वजनाला किती?"

"नवरदेव नाही. दरोडेखोर आहे. पाचवीत आहे."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो माणूस सबुरीने म्हणाला, "साहेब, वरात आहे का नक्की?"

"वरात नाही हो, दरोडा आहे. घोडी जोरात पळेल का तेवढं सांगा."

"पळत नाही ती. सवयच नाही. बँड वाजला की नाचत नाचत पुढं येते. बँड थांबला की थांबते. बँडच नसेल तर जागची हलत नाही."

काकांनी फोनवर हात ठेवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, आता पार्किंगचा विषय निघणार. पण ते तसेच बसल्या बसल्या पाय हलवू लागले, वीतभर पुढे, वीतभर मागे, गुडघा जरासा मोडून. मग हात काढून त्यांनी फोन तोंडाशी नेला.

"बँडवाले तुमच्याच ओळखीतले आहेत का? कितीला पडतात?"